जिभेआधी कान: बोललेल्या शब्दाचं सामर्थ्य रोजच्या ख्रिस्ती जीवनात कसं वापरावं

एका प्रार्थनासभेत एक बहीण उभी राहून म्हणाली, "गाठ वाढली आहे. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे. मला फार भीती वाटते." तिचं बोलणं पुरं होण्याआधीच मागून आवाज आला, "ताई, असं तोंडातून काढू नका! जे बोलाल तेच होईल. 'मी बरी झाले आहे' अशी कबुली द्या." तिने तसं म्हटलं. सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. ती खाली बसली तेव्हा तिचा चेहरा मला दिसला. भीती तिथेच होती. आता ती सांगायला तिला कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

आमेन म्हणणाऱ्यांत मीही होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढचे कित्येक महिने मी पवित्र शास्त्रात बोलण्याविषयी जे जे आहे ते नव्याने वाचत राहिले. शब्दात सामर्थ्य आहे यावर माझा आधीही विश्वास होता, आजही आहे. ते सामर्थ्य येतं कुठून आणि दिलंय कशासाठी, याबद्दल मात्र आपल्यात फार गोंधळ आहे, आणि त्याची किंमत आधीच दुखावलेली माणसं मोजतात. वाचताना जे उमगलं आणि रोज करून पाहताना जे टिकलं, ते इथे पायरीपायरीने लिहिते.

आधी पाया: पहिला बोलणारा कोण?

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव बोलला, असं १० वेळा येतं. प्रकाश, आकाश, झाडंझुडपं, पशुपक्षी, सगळं त्या बोलण्यातून होतं. शेवटी माणूस होतो. आणि माणसाच्या वाट्याला आलेला पहिला अनुभव कोणता? त्याला ऐकू येतं. देव त्यांना आशीर्वाद देतो आणि त्यांच्याशी बोलतो (उत्पत्ती १:२८). माणसाने अजून तोंडही उघडलेलं नाही.

हिब्रू भाषेत 'दाबार' या एकाच शब्दाचा अर्थ 'शब्द' असाही होतो आणि 'घडलेली गोष्ट' असाही. देव बोलतो आणि ते घडतं, हे त्या भाषेच्या हाडामांसात आहे. योहान आपलं शुभवर्तमान तिथूनच सुरू करतो: प्रारंभी शब्द होता, आणि तो शब्द देही झाला.

यातून मी एक गोष्ट धरून ठेवली आहे आणि पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे. आपण दुसरे बोलणारे आहोत. देव आधी बोललेला आहे. आपलं बोलणं, मग ते प्रार्थनेतलं असो, भांडणातलं असो की स्वतःशीच पुटपुटलेलं असो, त्याला दिलेलं उत्तर असतं.

गणना १३ आणि १४ मधल्या, कनान देश पाहायला पाठवलेल्या हेरांची गोष्ट घ्या. दहा जण म्हणाले, आम्ही तिथल्या धिप्पाड लोकांपुढे टोळांसारखे. पुढे देव म्हणतो, तुम्ही माझ्या कानी जसं बोललात तसंच मी तुमचं करीन (१४:२८). हे एकच वचन उचलून 'बघा, बोललं तसं झालं' असं पुष्कळदा शिकवलं जातं. पण आधीचं सगळं वाचा. देश देण्याचं वचन देवाने आधीच दिलं होतं. हेरांचं बोलणं हा त्या वचनाला दिलेला नकार होता. बाकीचे दोन हेर, कालेब आणि यहोशवा, यांनी तेच धिप्पाड लोक पाहिले, त्याच तटबंदीच्या शहरांतून फिरून आले. ते दिसलंच नाही असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी त्याच वचनाला वेगळं उत्तर दिलं.

पायरी पहिली: कबुली आणि मंत्र यांतला फरक ओळखा

या पायरीवर मी जास्त थांबणार आहे, कारण इथे घसरलो तर पुढचं सगळं तिरपं जातं.

शब्द उच्चारून आरोग्य किंवा समृद्धी प्रत्यक्षात आणता येते, ही शिकवण आज जगभरच्या मंडळ्यांत ऐकू येते. तिला आजचं रूप विसाव्या शतकात अमेरिकेत मिळालं. ई. डब्ल्यू. केन्यन (१८६७–१९४८) यांच्या विचारांतून ती आकाराला आली आणि केनेथ हेगिन (१९१७–२००३) यांनी ती दूरवर पोहोचवली. ती मानणाऱ्या अनेकांचा विश्वास प्रामाणिक आहे, त्यांच्या प्रार्थनेची तळमळ मी पाहिली आहे. पण ज्या वचनांवर ती उभी केली जाते ती वचनं आजूबाजूच्या ओळींसकट वाचली की चित्र बदलतं.

मार्क ११:२३ मध्ये डोंगराला सांगण्याची गोष्ट आहे. त्याच्या आधीची ओळ आहे 'देवावर विश्वास ठेवा', आणि दोन ओळींनंतर येशू म्हणतो, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा. शब्दाची ताकद शिकवताना ही क्षमेची ओळ किती वेळा वाचली जाते?

जीवन आणि मरण जिभेच्या हाती आहेत, हे नीतिसूत्रे १८:२१ चं वचन. त्या अध्यायात ऐकून घेण्याआधी उत्तर देणारा मूर्ख येतो, ज्याची बाजू पहिल्यांदा मांडली जाते तो खरा वाटतो हे निरीक्षण येतं, दुखावलेला भाऊ मजबूत नगराहून दुर्गम असतो हेही येतं. विषय माणसामाणसांतल्या बोलण्याचा आहे. साक्षीदाराच्या एका शब्दाने निरपराध माणूस मरू शकतो, एका शब्दाने वाचू शकतो. असा जीव, असं मरण.

आणि रोमकरांस ४:१७. जे नाही त्याला बोलावून अस्तित्वात आणणारा तिथे देव आहे, अब्राहाम नव्हे. अब्राहामाबद्दल पौल पुढे सांगतो की त्याने आपलं सुमारे १०० वर्षांचं, मृतवत झालेलं शरीर पाहिलं आणि तरीही विश्वासात तो खचला नाही. पाहिलं, नाकारलं नाही.

पौल स्वतः कसा बोलतो तेही बघा. आपला सोबती एपफ्रदीत आजारी पडून मरणाला टेकला होता, हे तो फिलिप्पैच्या मंडळीला सरळ लिहितो. त्रफिमाला आजारी असताना मिलेतात मागे ठेवलं, असं तीमथ्याला कळवतो. त्याच तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो. आणि गेथशेमाने बागेत आपला प्रभू शिष्यांना म्हणतो, माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे. दुःख तोंडाने बोलणं हा अविश्वास असेल तर या वाक्याचं काय करायचं? १५० स्तोत्रांमध्ये सर्वांत मोठा गट विलापाच्या स्तोत्रांचा आहे, आणि ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. देवाने ते आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात राहू दिलं.

मग 'कबुली' म्हणजे काय? नव्या करारात त्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, 'होमोलोगेओ', त्याचा मूळ अर्थ 'तेच बोलणं'. देव जे म्हणतो तेच आपण म्हणणं. येशू प्रभू आहे असं मुखाने कबूल करणं (रोमकरांस १०:९) आणि आपली पापं पदरी घेणं (१ योहान १:९), या दोन्हींसाठी हाच शब्द येतो. म्हणजे कबुलीत मोठी आशा मावते आणि कडू सत्यही मावतं.

एखादं वाक्य 'विश्वासाने' बोलण्याआधी मी स्वतःला हे विचारते. देवाने हे खरंच म्हटलं आहे का, की मला ते हवंसं वाटतं म्हणून मी त्याच्या तोंडी घालते आहे? हे बोलताना मी काही झाकते आहे का? आणि देवाने 'आता नाही' म्हटलं तर माझं वाक्य टिकेल का? भट्टीत टाकण्याची धमकी मिळालेल्या शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो यांचं वाक्य तिन्ही कसोट्यांना उतरतं: आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवलं नाही तरीही आम्ही मूर्तीला नमन करणार नाही (दानीएल ३:१७–१८). त्या 'तरीही'इतकं ताकदीचं बोलणं मला दुसरीकडे क्वचितच सापडतं.

त्या बहिणीला आम्ही काय बोलायला मदत करायला हवी होती, तर असं काहीसं: "मला भीती वाटते. प्रभू माझ्याबरोबर आहे. तो बरं करू शकतो आणि मी ते मागते आहे. शस्त्रक्रियेलाही मी त्याचा हात धरूनच जाणार आहे." यात एकही शब्द खोटा नाही.

पायरी दुसरी: आठवडाभर फक्त नोंद ठेवा

जीभ सुधारायची घाई करू नका. आधी सात दिवस तिचा माग काढा. एक लहान वही घ्या. रात्री दहा मिनिटं बसून दिवसातली तीन-चार बोलणी आठवा, चांगलीही आणि टोचलेलीही. प्रत्येकापुढे लिहा: कोणाला बोलले, नेमके शब्द काय होते, आणि बोलण्याच्या आदल्या क्षणी मनात काय चाललं होतं. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची. अंतःकरणात जे भरलेलं असतं तेच तोंडावाटे बाहेर पडतं, असं येशू म्हणतो (मत्तय १२:३४), आणि ही वही त्या भरलेल्याचा शोध घेण्यासाठी आहे.

लगेच पुढे तो म्हणतो की प्रत्येक निरर्थक शब्दाचा हिशेब द्यावा लागेल. हे वाचून काही जण हसायलाही घाबरतात. तिथला ग्रीक शब्द 'आर्गोस', म्हणजे काम न करणारा, रिकामा. मला यातून असं कळतं की जपून, तोलून बोललेलं वाक्य मनातलं बरंच काही लपवू शकतं. सहज निसटलेलं वाक्य लपवत नाही. म्हणून हिशेबात तेच धरलं जातं.

माझ्या वहीत चौथ्या दिवशी एक गोष्ट लख्ख दिसली. माझे कठोर शब्द मला उलट उत्तर न देऊ शकणाऱ्यांसाठी राखलेले होते: मुलं, हाताखाली काम करणारी माणसं, वयाने थकलेले नातेवाईक. जे उत्तर देऊ शकत होते त्यांच्याशी मी छान संयमाने बोलत होते. म्हणजे प्रश्न रागाचा नव्हताच, भित्रेपणाचा होता. जिभेवर वर्षभर उपाय करत बसले असते तरी हे हाती लागलं नसतं.

वही वाचून लाज वाटेल. ती देवापुढे मोठ्याने वाचा, हीसुद्धा कबुलीच. कोणीही माणूस जिभेला वश करू शकत नाही, असं याकोब स्वच्छ लिहितो (३:८), आणि हे वाक्य मला हताश करत नाही. घोड्याला लगाम, तारवाला सुकाणू लागतं, असं तो आधी सांगतो. सुकाणूवर हात कुणाचा, हा खरा प्रश्न. तो हात पवित्र आत्म्याचा असावा म्हणून तर पुढच्या पायऱ्या.

पायरी तिसरी: सकाळी आधी ऐका, आणि ओठांनी वाचा

यशया ५०:४ हे या संपूर्ण विषयाचं हृदय आहे असं मला वाटतं. प्रभूचा सेवक म्हणतो, थकलेल्याला शब्दाने आधार कसा द्यावा हे मला कळावं म्हणून प्रभूने मला शिकलेल्याची जीभ दिली आहे. तो रोज सकाळी माझा कान जागा करतो. जीभ शिकली कशी? कान जागा झाला म्हणून. जो सेवक असं बोलतो त्यात मंडळीने आरंभापासून ख्रिस्ताला ओळखलं आहे. त्याला रोज सकाळी ऐकावं लागत असेल तर आपल्याला कसं चुकेल?

ऐकायचं कसं, हेही शास्त्र सांगतं. पहिल्या स्तोत्रात नीतिमान माणूस रात्रंदिवस नियमशास्त्राचं मनन करतो. 'मनन' म्हटलं की आपल्याला डोळे मिटून शांत बसलेला माणूस दिसतो. तिथलं हिब्रू क्रियापद 'हागा' आवाजाचं आहे. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि ३८:१४ मध्ये कण्हणाऱ्या पारव्यासाठी हेच क्रियापद येतं. म्हणजे पुटपुटणं, ओठ हलवणं. यहोशवालाही सांगितलं होतं की हा ग्रंथ तुझ्या मुखातून दूर होऊ देऊ नको.

म्हणून रोज सकाळी, फोन हातात घेण्याआधी, दहा-बारा वचनं मोठ्याने वाचा. घरात कोणी झोपलेलं असेल तर पुटपुटत. सावकाश, दोनदा. दुसऱ्या वाचनात जे वाक्य जिभेवर रेंगाळेल ते दिवसभरासाठी उचला. शुभवर्तमानातला एखादा प्रसंग, मग एक स्तोत्र, असं आलटून पालटून वाचलं तर चांगलं. रोज नवा साक्षात्कार व्हायला हवा असं मुळीच नाही. पुष्कळ सकाळी काहीच वाटत नाही, आणि दुपारी अचानक नको ते बोलण्याच्या क्षणी तेच वाक्य आड येतं.

अरण्यात परीक्षा झाली तेव्हा येशूने तीनही वेळा अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून उत्तर दिलं. हे शब्द आधीच त्याच्या ओठांवर होते. मात्र त्याच प्रसंगात सैतानही वचन बोलतो, तेही ९१व्या स्तोत्रातलं. तेव्हा वचन उच्चारलं की काम झालं, असं नाही. बापाचं ऐकणाऱ्या पुत्राच्या तोंडी ते उत्तर होतं. दुसऱ्याच्या तोंडी ते नुसतं हत्यार होतं.

पायरी चौथी: स्वतःशी बोला

हे थोडक्यात. बेचाळिसाव्या आणि त्रेचाळिसाव्या स्तोत्रांत एक ओळ तीनदा येते: हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? देवाची आशा धर. आपण दिवसभर मनाचं ऐकत असतो. स्तोत्रकर्ता उठून मनालाच प्रश्न विचारतो. आणि एकदा विचारून भागत नाही म्हणून तीनदा विचारतो. 'मी निरुपयोगी आहे', 'माझं काही खरं नाही' ही वाक्यं वहीत सापडली असतील तर त्यांच्यासमोर देवाने काय म्हटलं आहे ते लिहून काढा आणि एकांतात मोठ्याने म्हणा. आशा तिथे आज्ञार्थात आहे हे ध्यानात असू द्या. ती आपोआप वाटत नाही, धरावी लागते. आणि खिन्नता आठवड्यामागून आठवडे उठू देत नसेल, तर डॉक्टरांकडे जाऊन ती बोलून दाखवणं हाही खरं बोलण्याचाच भाग आहे.

पायरी पाचवी: जो समोर नाही त्याच्याविषयी

हिप्पोचे बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) यांच्या जेवणाच्या मेजावर दोन ओळी लिहिलेल्या होत्या: गैरहजर माणसाची निंदा करणाऱ्याला या मेजावर जागा नाही, अशा अर्थाच्या. त्यांच्याबरोबर राहिलेल्या पॉसिडियस यांनी हे लिहून ठेवलं आहे. एकदा काही जवळचे बिशपच ते विसरून बोलू लागले, तेव्हा ऑगस्टीन म्हणाले की एक तर या ओळी पुसाव्या लागतील, नाहीतर मीच उठून माझ्या खोलीत जातो. पंधराशे वर्षांनंतर, १९३५ ते १९३७ या काळात फिंकनवाल्डे इथे पाळकपदासाठी तरुण घडवताना जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनीही एकच नियम घातला होता: एखाद्या भावाविषयी त्याच्या माघारी बोलायचं नाही, आणि बोललं गेलंच तर जाऊन त्याला सांगायचं. नियमाचा दुसरा भाग पाळून पाहा. पहिला आपोआप पाळला जाऊ लागतो.

आपल्यात चहाडीला एक सोज्ज्वळ वेष आहे: "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं." पुढे जे येतं त्यातलं निम्मं देवाला सांगायची गरजच नसते आणि निम्मं माणसांना. मी आता एक साधा प्रश्न विचारते, "हे त्यांनी सांगायला सांगितलंय का?" उत्तर 'नाही' असेल तर म्हणते, "मग नाव न घेता प्रार्थना करू." विषय तिथे थांबतो. लाकूड संपलं की आग विझते, असं नीतिसूत्रे २६:२० म्हणतं. आपण फक्त पुढचं लाकूड टाकायचं नाही. कुणाविषयी खरोखर तक्रार असेल तर मत्तय १८:१५ चा रस्ता आहे: आधी त्याच्याकडे, एकटे जा.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. कुणाला मारहाण होत असेल, लहान मुलाला त्रास दिला जात असेल, अधिकाराचा गैरवापर होत असेल, तर ते बोलणं चहाडी नाही. पीडित माणसाला 'आधी त्याला एकटी भेट' असा सल्ला तर मुळीच देऊ नका. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तोंड उघड, अशी आज्ञा आहे (नीतिसूत्रे ३१:८). जे थांबवू शकतात त्यांच्यापर्यंत, कायद्याच्या यंत्रणेपर्यंतसुद्धा, ती गोष्ट गेलीच पाहिजे. मंडळीची अब्रू झाकण्यासाठी जिभेच्या संयमाची वचनं वापरली जातात तेव्हा मला वचनांचीच विटंबना झाल्यासारखं वाटतं.

पायरी सहावी: रागात वेळ निवडा

अबीगईल घरी परतली तेव्हा तिचा नवरा नाबाल पिऊन मस्त झाला होता. त्याच्या उर्मटपणापायी सगळं घर त्या रात्री दाविदाच्या हातून कापलं गेलं असतं, आणि ती स्वतः जाऊन ते वाचवून आली होती. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण १ शमुवेल २५:३६ म्हणतं, सकाळ होईपर्यंत ती त्याला काहीच बोलली नाही. सकाळी मात्र सगळं सांगितलं. मौनाचा अर्थ गिळून टाकणं नव्हे, हे मला तिच्याकडून कळलं.

इजिप्तच्या वाळवंटातल्या जुन्या ख्रिस्ती साधूंपैकी अब्बा अगाथोन यांनी गप्प राहायला शिकेपर्यंत तीन वर्षं तोंडात दगड ठेवला होता, असं सांगतात. आपल्याला दगडाची जागा शोधायची आहे. माझा दगड म्हणजे फोन पालथा ठेवणं. रागातला संदेश मी वहीत लिहिते, पाठवायच्या जागी नाही. सूर्य मावळण्याआधी राग सोडा, हे वचनही आहेच; म्हणून निजण्याआधी तो मजकूर देवाला वाचून दाखवते. सकाळी त्यातलं एखादं वाक्य उरतं, आणि बहुधा तेच खरं बोलायचं असतं.

ते बोलण्याआधी इफिसकरांस ४:२९ ची चाळणी लावा. 'कुजकं' भाषण तोंडातून निघू नये, असं तिथे आहे. मत्तय १३:४८ मध्ये जाळ्यातून फेकून दिलेल्या वाईट माशांसाठी हाच ग्रीक शब्द वापरला आहे. मग पौल विचारायला लावतो: यातून समोरचा उभा राहील का? आत्ता त्याची ही गरज आहे का? ऐकणाऱ्याला कृपा मिळेल का? खरं असणं पुरेसं नाही. पण चाळणीच्या नावाखाली सत्य टाळूही नका. संदेष्टा नाथान पाप केलेल्या दाविद राजाकडे गेला, गोष्ट सांगितली, आणि योग्य क्षणी "तो मनुष्य तूच आहेस" असं म्हणालाच.

आणि दुःखात बसलेल्या माणसापुढे? ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता. त्या सात दिवसांत त्यांच्याकडून काहीही चुकलं नाही.

पायरी सातवी: आशीर्वाद द्या, नाव घेऊन

गणना ६:२४–२६ मधला याजकीय आशीर्वाद हिब्रूत अवघा १५ शब्दांचा आहे. पहिल्या ओळीत ३, दुसरीत ५, तिसरीत ७. झरा रुंद होत जावा तसा. १९७९ मध्ये यरुशलेमेच्या केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यांत चांदीच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या सापडल्या. त्या उलगडल्यावर त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले दिसले. पवित्र शास्त्रातल्या मजकुराचा आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना पुरावा, सुमारे २६०० वर्षांपूर्वीचा. कुणीतरी तो जवळ बाळगला होता आणि मरणातही बरोबर नेला.

हा आशीर्वाद मोशेच्या तोंडून अहरोनाला दिला आहे, पण शेवटी देव म्हणतो, 'मी त्यांना आशीर्वाद देईन'. बोलतो माणूस, देतो देव. शब्दाच्या सामर्थ्याबद्दल याहून नेमकं काही सांगता येईल असं मला वाटत नाही. रात्री मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, त्याचं नाव घेऊन, हे शब्द म्हणा. मूल मोठं झालं असेल, घरापासून दूर असेल, तर फोनवर म्हणा. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं. चौथ्या-पाचव्या रात्री मूलच आठवण करून देतं.

मोठ्यांना आशीर्वाद देताना नेमकं बोला. "तू खूप चांगला आहेस" हे हवेत विरून जातं. "काल सगळे उठून गेल्यावर तू त्या आजींजवळ थांबलास, त्यात मला प्रभूचा स्वभाव दिसला" हे माणूस वर्षानुवर्षं जपतो. कुप्र (सायप्रस) बेटावरच्या योसेफ नावाच्या एका लेव्याला प्रेषितांनी बर्णबा, म्हणजे धीर देणारा, हे नाव दिलं ते उगीच नाही. शौलाची, म्हणजे पुढच्या पौलाची, सगळ्यांना धास्ती होती तेव्हा तो त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे घेऊन गेला आणि त्याच्या वतीने बोलला. पुढे मार्काच्या बाबतीत त्याने पौलाशी कडाक्याचा वाद घातला. आणि शेवटच्या पत्रात पौलच लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. एका माणसाच्या चांगल्या शब्दांनी किती माणसं उभी राहिली!

छळणाऱ्यांनाही आशीर्वाद द्या, असं पौल म्हणतो (रोमकरांस १२:१४). हे लगेच समोरासमोर जमेल असं नाही. एकांतातल्या प्रार्थनेत त्या माणसाचं नाव घेऊन एका वाक्याने सुरू करा.

पायरी आठवी: बोलून मोडलेलं बोलून जोडा

पेत्राने प्रभूला नाकारलं तेव्हा तो कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता (योहान १८:१८). पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी येशूने न्याहारी मांडली, तेव्हाही तिथे कोळशांचा विस्तव होता (२१:९). तो ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात या दोनच जागी येतो. तीनदा नाकारलं, तीनदा विचारलं: माझ्यावर प्रेम करतोस का? येशूने झालं गेलं विसरून जा म्हणत विषय गुंडाळला नाही. तोंडाने जिथे तुटलं तिथेच, तितक्याच वेळा, तोंडाने जोडून घेतलं.

म्हणून माफी मागताना नेमके शब्द उच्चारा: "मी तुला सगळ्यांसमोर आळशी म्हणाले." 'वाईट वाटलं असेल तर' यातला 'तर' गाळा. आपण तसं का बोललो याचं स्पष्टीकरण त्यांनी विचारल्याशिवाय देऊ नका. जे चारचौघांत बोललात त्याची माफीही चारचौघांत मागा. मग थांबा, क्षमा लगेच मिळावी असा आपला हक्क नाही.

शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी मी त्या बहिणीकडे गेले. वाटेत मनात पुष्कळ वाक्यं जुळवली होती. दार उघडल्यावर एवढंच म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही भीती वाटते म्हणालात, तुम्हाला गप्प केलं गेलं, आणि मी आमेन म्हटलं. माझं चुकलं. मला क्षमा करा." त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या, "बसा. आणि आज मला बोलू द्या." त्या तासभर बोलल्या: गाठीबद्दल, मुलांबद्दल, देवावरच्या रागाबद्दलही. मी मध्ये काही बोलले नाही. उठताना त्यांनी विचारलं, "तो गणनेतला आशीर्वाद पाठ आहे तुम्हाला?" मी त्यांचं नाव घेऊन तो म्हटला.